मदत हवी आहे: फायटर जेटचं एकुलतं एक इंजिन बंद पडलं तर पायलट नेमकं काय करतो?

मंडळी, ग्रुपवर कोणी एअर फोर्समधलं असेल तर प्लीज सांगा. एफ-१६ ला एकच इंजिन, ते बंद पडलं की हायड्रॉलिक आणि वीज दोन्हीची बोंब, आणि विमान फ्लाय-बाय-वायर (पायलटच्या स्टिकचे इशारे तारांमधून विजेने जातात), म्हणजे वीज नसेल तर स्टिक हलवून उपयोग शून्य, म्हणून त्यात हायड्रॅझिन या रासायनिक इंधनावर चालणारं इमर्जन्सी पॉवर युनिट दिलंय, इथपर्यंत कळलं. उंची असेल तर इंजिन परत सुरू करून बघता येतं. पण टेकऑफनंतर लगेच पक्षी आत गेला आणि खाली वस्ती असेल तर? विमान मोकळ्या जागेकडे वळवायचं आणि स्वतःही वेळेत इजेक्ट व्हायचं (सीटसकट बाहेर फेकलं जायचं), हे काही सेकंदात ठरवतात कसं? झिरो-झिरो सीट (शून्य उंची आणि शून्य वेगालाही पायलटला वाचवू शकणारी) असली तरी विमान झपाट्याने खाली येत असताना उशीर झाला तर जिवावरच बेततं ना. इजेक्ट व्हायची किमान उंची आधीच ठरलेली असते की सगळं पायलटवरच? खरंच काळजी वाटते या लोकांची.