मदत हवी आहे: फोटोग्राफीचा कोर्स करून फोटो बिघडले, आता 'प्रगती'वर काय लिहू?

रानजाई
नमस्कार मंडळी. फोटोग्राफीचा बेसिक कोर्स करतेय. शेवटची असाइनमेंट अशी: सुरुवातीचे पाच फोटो, आत्ताचे पाच फोटो आणि स्वतःच्या प्रगतीवर दोन पानं. रविवारी द्यायचंय. घोळ असा की सुरुवातीचेच फोटो बरे आहेत! आताचे फिकट, अंधारे, हललेले. घरी दाखवले तर सगळ्यांनी जुन्यांवरच बोट ठेवलं. सरांनी ऑटो बंद करायला लावलंय, त्यामुळे सगळं मॅन्युअलवर. हे फोटो जोडून प्रगती झाली असं कोणत्या तोंडाने लिहू? लवकर सांगा. आणि 'सराव करा' नको, ते माहीत आहे.

झूमबराबर
कॅमेरा कोणता, लेन्स कोणती, फोटो कुठे काढले, रॉ (कच्ची फाइल) की जेपेग? एवढ्या माहितीवर कुंडलीसुद्धा मांडता येत नाही. एक्झिफसकट (फोटोत साठलेली शटर, आयएसओ वगैरे माहिती) दोन प्रचि (प्रकाशचित्रं) डकवा.

रानजाई
निकॉन. सोबत आली तीच लेन्स. फोटो मंडईतले आहेत. डकवता येत नाहीयेत, साइझ मोठी आहे म्हणतंय.

प्राइमप्रेमी
किट लेन्स माळ्यावर टाका. ५० एमएम एफ १.८ घ्या (एफ जितका लहान तितका प्रकाश जास्त), सगळे प्रश्न मिटतील. मी घेतल्यापासून दुसरी लेन्स लावलेली नाही.

तिपाई
हललेले म्हणजे ट्रायपॉड. आम्ही फिल्मवर शिकलो, एक रोल ३६ फोटोंचा, वाया घालवायची सोय नव्हती. ट्रायपॉडशिवाय घराबाहेर पडायचं नाही.

झूमबराबर
काका, सकाळच्या मंडईत ट्रायपॉड? भाजीवाल्या मावशी त्याला मेथीच्या जुड्या टांगतील.

तिपाई
चेष्टा करा. विचारलं म्हणून सांगितलं.

सबकुछमोबाईल
कोर्सचे पैसे फुकट गेले बघा. मोबाईल एका क्लिकमध्ये पाच-सात फ्रेम घेऊन स्वतःच जोडतो. अंधार वगैरे प्रकारच नाही.

झूमबराबर
फोन कोणता घेऊ, असा धागा नाहीये हा. रानजाई, एक्झिफ?

रानजाई
डी५६००, १८-५५, रॉ. फुले मंडईच्या आत. सगळे साधारण असेच: ५५ एमएम, एफ ५.६, शटर १/२० सेकंद, आयएसओ २००. आयएसओ वाढवला की फोटो उजळतो पण दाणे येतात असं सर म्हणाले, म्हणून २०० च्या वर जात नाही.

झूमबराबर
आता कसं! फोटो १०० टक्क्यांवर उघडा. सगळंच फराटलंय की काही भाग स्पष्ट आहे?

रानजाई
वजनकाट्यावरचे आकडे लख्ख वाचता येतात. मावशींचा हात आणि जुडी मात्र पुसट.

झूमबराबर
मग कॅमेरा हललेला नाही. तो हलला असता तर आकडेही फराटले असते. ५५ एमएमला या कॅमेऱ्यावर हातात धरून साधारण १/८० लागतं. तुम्ही १/२० वर स्थिर धरलाय, व्हीआरने (लेन्समधली हाताची थरथर सावरणारी सोय) साथ दिली. पण व्हीआर तुमचा हात सांभाळतो, मावशींचा नाही. ट्रायपॉडचाही इथे उपयोग शून्य (काका, दिवे घ्या, गंमत आहे). शटर १/१६० करा, म्हणजे तीन स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश निम्मा). ते आयएसओकडून वसूल करा: २०० चा १६००. आधीच अंधारं येतंय म्हणून आणखी एक, ३२००. दाणे थोडे दिसतील, दिसू द्या. दाणे नंतर कमी करता येतात, पुसट हात नाही.
आणि फिकट दिसतं कारण रॉ तसंच दिसतं. जेपेगला कॅमेरा रंग-कॉन्ट्रास्ट चढवून देतो, रॉला ते आपण करायचं. निकॉनचा एनएक्स स्टुडिओ फुकट आहे.

कवडसा
एक विचारू? 'सुरुवातीचे' फोटो कशाचे आहेत?

रानजाई
बाल्कनीतली जास्वंद. सकाळच्या उन्हात. ऑटोवर, १/४००, एफ ८, आयएसओ २००. तेव्हा रॉ शिकवलंच नव्हतं, म्हणजे जेपेग.

कवडसा
अहो, मग उन्हातल्या जास्वंदीची आणि छपराखालच्या गर्दीची तुलना चालवलीय तुम्ही! फूल जागचं हलत नाही, ऊन भरपूर, निर्णय सगळे कॅमेऱ्याचे. घरच्यांना जास्वंद आवडणारच.
लिहायला मसाला इथेच आहे. तीच जास्वंद तशाच उन्हात मॅन्युअलवर काढा, ती जुन्याशेजारी लावा. मग मंडईचा पुसट फोटो तसाच जोडा, फोटोखाली एक्झिफ लिहा आणि शेजारी सुधारलेला. शटर का वाढवलं, आयएसओ का चढवला, एवढंच लिहा, दोन पानं अपुरी पडतील. 'मला नवी दृष्टी मिळाली' छापाची वाक्यं टाळा, सगळेच लिहितात.

झूमबराबर
+१. फक्त पुसट फोटो एकच जोडा. हात सोडून बाकी सगळं लख्ख, हा फोटो कदाचित मुद्दाम काढल्यासारखाही वाटेल.

तिपाई
मुद्दाम म्हणे! पुसट ते पुसट.

प्राइमप्रेमी
५० एमएमने एफ १.८ वर हेच आयएसओ ४०० च्या आत जमलं असतं.

कवडसा
जमलं असतं, पण मग मावशी स्पष्ट नाहीतर जुडी तरी. डेप्थ (पुढचं-मागचं दोन्ही स्पष्ट येणं) कुठे उरते? आणि रविवार परवावर आलाय.

रानजाई
धन्यवाद! उद्या सकाळी जाते. जास्वंदीला आज एकही फूल नाही, बघू. आयएसओबद्दल सरांना काय सांगू?

झूमबराबर
दोन प्रिंट समोर ठेवा. ए-फोरवर ३२०० चे दाणे शोधून दाखवा म्हणावं.

सखाराम_बिनधास्त
अवांतर: शनिवारी मंडईत गाडी कुठे लावता येते?

कवडसा
गाडी नेऊच नका. मेट्रोने मंडई स्टेशनलाच उतरा.