नुसत्या प्रवेशाने काय होणार
कोणीतरी म्हटलंय की आरटीईचे (शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब-वंचित पोरांसाठी राखीव ठेवलेले) २५ टक्के प्रवेश झाले की वर्ग सर्वसमावेशक झालाच, पण बीडकडच्या ऊसतोड मजुरांची पोरं बघा ना, दिवाळीच्या आसपास आईबापासोबत फडावर जातात ते पार मार्च-एप्रिललाच परत, तोवर अर्धा अभ्यासक्रम संपलेला. फडाजवळच्या शाळेने 'आधी जुन्या शाळेचा दाखला आणा' म्हणायचं कारणच नाही, दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही हे २००९ च्या याच शिक्षण हक्क कायद्यात आहे. खरी गोची पुढे, पोरगं मागच्या बाकावर गप्प. अमरावतीकडच्या मेळघाटात तर आदिवासी पोरांच्या घरी कोरकू भाषा आणि पुस्तक मराठीत, बाईंना थोडं कोरकू येत असेल तर पोरं बोलायला तरी लागतात (तोवर बाईंची बदली!). आणि ऊसतोडवाल्या पोराला मोळ्या, टन, उचल (आगाऊ घेतलेले पैसे) सगळा हिशोब कळतो, गणिताला तोच घ्या की.