विषय: बाबांची कावीळ (इंदूर), स्टेंट घालायचा का?

नमस्कार मंडळी,
बाबा इंदूरला दादा-वहिनींकडे असतात, त्यांना कावीळ झालीय, पोटात दुखत काहीच नाही पण रक्तातलं बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य) १८, आणि सीटीत स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ दिसलीय, तिने पित्तनळी दाबली गेलीय. डॉक्टर ईआरसीपी करून (तोंडातून दुर्बीण घालून) पित्तनळीत स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी छोटी नळी, घालू म्हणतात, आत्या म्हणते आधी कावीळ उतरवणाऱ्याकडे नेऊ. इतक्या लांबून काही सुचत नाहीये, कुणाच्या घरी झालंय का हे?

---

ताई,
माझ्या आईला इंदूरलाच हेच झालं होतं म्हणून लगेच लिहितोय. कावीळ उतरवण्यात एक दिवससुद्धा घालवू नका, पित्ताची वाटच बंद आहे, ती उघडल्याशिवाय उसाच्या रसाने काही होणार नाही. स्टेंटने गाठ जात नाही हे खरं, पण खाज जाते हो! आई रात्ररात्र कंगव्याने पाय खाजवायची, चादरीवर रक्ताचे ठिपके. स्टेंटनंतर चौथ्या दिवशी शी मातकट पांढरी होती ती पिवळी झाली, तर बहिणीने मला मुद्दाम रात्री फोन करून सांगितलं.

आधी सर्जनला विचारा, गाठ काढता येईल का. ऑपरेशन लगेच होणार असेल आणि बिलिरुबिन १५च्या आत असेल तर स्टेंट शक्यतो टाळतात, इन्फेक्शन वाढतं म्हणून. तुमच्याकडे १८ आहे, शिवाय केमो द्यायची तरी ते खाली यायला हवं.

मग प्लास्टिक का मेटल ते विचारा. प्लास्टिकचा जेमतेम ३ मिमी रुंद, साधारण ३ महिन्यांत तुंबतो, मेटलचा उघडून १० मिमीपर्यंत होतो, जास्त टिकतो पण महाग. आम्ही पैशाकडे बघून प्लास्टिक घेतला आणि दहाव्या आठवड्यात रात्री दोनला थंडी वाजून ताप, हॉस्पिटलला फोन केला तर म्हणे पॅरासिटामॉल द्या, सकाळी या, सकाळपर्यंत बीपी इतकं उतरलं की थेट आयसीयू. ते अजून मनातून जात नाही.

ईआरसीपीच्या आधी आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) बघायला सांगा, कावीळीत रक्त लवकर गोठत नाही, व्हिटॅमिन के द्यावं लागतं. आणि तोंडातून जमलं नाही तर बरगड्यांमधून सुई घालून नळी टाकतात, बाहेर पिशवी, ते ऐकून घाबरू नका.

---

दादा, खूप आधार वाटला. सर्जनची उद्या ११ची वेळ मिळालीय, आत्याला मीच समजावते. ताप दिवसातून किती वेळा बघायचा?

---

सकाळ-संध्याकाळ. पण हुडहुडी भरली तर थर्मामीटर शोधत बसू नका, गाडी काढायला सांगा.