मुलाला कन्कशन (डोक्याला मार बसून मेंदूला झालेली इजा) झालंय आणि तो म्हणतो टीमला सांगू नकोस – मदत हवी आहे

आम्ही कॅनडात, ऑन्टॅरिओतल्या मिसिसागाला राहतो. मुलगा १३ वर्षांचा, सहा वर्षांपासून आइस हॉकी खेळतोय. या मोसमात यू-१५ मध्ये (१५ वर्षांखालच्या गटात) गेला आणि बॉडीचेकिंग, म्हणजे समोरच्याला अंगाने धडक देणं, सुरू झालं.

मागच्या शनिवारी समोरच्या खेळाडूने त्याला बोर्डवर, म्हणजे रिंकच्या कडेच्या भिंतीवर, आपटलं. क्षणभर गुडघ्यांवरच राहिला, मग उठला. ट्रेनरने विचारल्यावर "ठीक आहे" म्हणाला आणि तिसरा पीरियड पूर्ण खेळला. सगळ्या पालकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. गाडीत नवरा म्हणाला, "वाघ आहेस!"

सोमवारी शाळेतून फोन आला. वर्गातले दिवे सहन होईनात, उलटी झाली. डॉक्टरांनी कन्कशनच सांगितलं. एक-दोन दिवस आराम, स्क्रीन जवळपास बंद, मग आधी शाळा आणि नंतर पायरीपायरीने खेळ. प्रत्येक पायरीला किमान २४ तास. त्यांनी परवानगी दिल्याशिवाय धक्के लागतील असा सराव नाही. हेल्मेट चांगलं होतं हो, पण कवटीच्या आत मेंदू हलतो तो हेल्मेटने कसा थांबणार?

काल रात्री रडत म्हणाला, "आई, कोचला ताप आलाय म्हणून सांग ना." प्लेऑफ तीन आठवड्यांवर आहेत, लाइनमधली (एकत्र बर्फावर उतरणाऱ्या खेळाडूंच्या गटातली) जागा जाईल ही भीती. मग हळूच म्हणाला की नोव्हेंबरमध्येही असंच चार दिवस डोकं दुखत होतं. तेव्हा कुणालाच बोलला नव्हता. ते ऐकल्यापासून मला झोप नाही.

आपल्या ऑन्टॅरिओत ज्या मुलीच्या नावाने 'रोवन्स लॉ' हा खेळातल्या कन्कशनबद्दलचा कायदा झाला, ती ऑटवाची १७ वर्षांची रग्बी खेळाडू २०१३ मध्ये गेली. पहिला मार बरा व्हायच्या आत पुन्हा डोक्याला लागलं होतं. मोसमाच्या सुरुवातीला त्या कायद्याच्या माहितीपत्रकाखाली मीही सही केली होती. नीट वाचलं आत्ता.

कोचला मी उद्या खरं ते सांगणार आहे, त्यात प्रश्न नाही. प्रश्न मुलाचा आहे. लहानपणी पडला की आम्हीच "काही नाही झालं, मुंगी मेली" म्हणून उठवायचो. इथे ड्रेसिंगरूममध्ये १९६४ च्या स्टॅनली कप फायनलमधला हॉकीपटू बॉबी बॉन ऐकवतात, पाय मोडलेला असताना ओव्हरटाइममध्ये गोल मारणारा. मी त्याला हॉकीतल्या मोठ्या स्टारचं, सिडनी क्रॉस्बीचं सांगितलं, जानेवारी २०११ मध्ये पाच दिवसांत दोनदा डोक्याला मार लागला आणि नोव्हेंबरपर्यंत एकही मॅच खेळला नाही. तर म्हणतो, "त्याची जागा कोण घेणार होतं?"

यावर मला उत्तर सुचलं नाही.

ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी कृपया सांगा: पुढच्या वेळी त्याने स्वतःहून सांगावं म्हणून तुम्ही घरी काय बोललात? बाहेर बसलेल्या दिवसांत मुलाला टीमबरोबर बेंचजवळ नेलंत का, की त्याने जास्तच वाईट वाटतं? आणि दुसऱ्यांदा मार लागल्यावर कुणी बॉडीचेकिंग नसलेल्या लीगमध्ये घातलंय का? मुलं तिथे रमतात का?