दोन हिट मारून मॅच जिंकतात?? बेसबॉलवाल्यांनी जरा समजवा

निशिकासाईकर:
मंडळी, जानेवारीत टोकियोला आलोय, बेसबॉलमध्ये पूर्ण ढ. काल ऑफिसनंतर इझाकायात (जपानी बारमध्ये) बसलो होतो, टीव्हीवर ओपनसेन चालू होती, म्हणजे सीझन सुरू व्हायच्या आधीच्या सराव मॅचेस. टीम कुठल्या ते बघितलंच नाही, एदामामे (सोयाबीनच्या उकडलेल्या शेंगा) सोलण्यात दंग. शेवटी बोर्ड दाखवला तर जिंकणाऱ्यांची १ धाव आणि हिट फक्त २, हरलेल्यांचे हिट ७ आणि धावा भोपळा! मला वाटलं बोर्डच चुकला. हे होतं कसं?

गुगलीबहाद्दर:
अरे लेगबाय आठव. धाव टीमला मिळते, बॅट्समनच्या खात्यात काही नाही. तसंच इथे. पिचरने (म्हणजे बॉलरने) चार बॉल बाहेर टाकले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर, याला वॉक म्हणतात, बॉल अंगावर लागला तरी तेच, फील्डरने माती खाल्ली तर ती एरर. यातलं काहीच हिट म्हणून मोजत नाहीत, हिट म्हणजे स्वतः बॉल मारून बेस गाठणं. आणि ७ हिट सात वेगवेगळ्या इनिंगमध्ये एकेक आले तर बाकीचे तीन आउट होऊन इनिंग संपते, माणूस बेसवर उभा राहून परत डगआउटमध्ये (टीमच्या बाकावर), धाव कुठून येणार

नागोयाची_सून:
त्यात ओपनसेन आहे हे विसरू नका. १ फेब्रुवारीपासून ओकिनावा नाहीतर मियाझाकीला कॅम्प, मग मार्चच्या शेवटापर्यंत या मॅचेस, पॉइंट टेबलमध्ये काही धरत नाहीत. पिचर दोन-तीन इनिंग टाकून बदलतात, नवीन पोरं इचिगुनमध्ये म्हणजे मुख्य टीममध्ये जागा मिळवायला जीव तोडून टाकतात आणि त्या नादात वॉक वाटत सुटतात. जिंकलं कोण याला आमच्या घरी कोणी विचारत नाही, सासरे फक्त पिचरचा कंट्रोल बघतात.
ते चुनिचीवाले, म्हणजे नागोयाच्या टीमचे. २००७ च्या जपान सिरीजची (तिथली फायनल) शेवटची मॅच काढली की जेवण थंड होतं. १-० ने जिंकले, ती एकच धाव सॅक्रिफाइस फ्लायवर, म्हणजे उंच मारून स्वतः कॅच आउट, पण तेवढ्यात तिसऱ्या बेसवरचा धावून घरी! पिचर यामाइने ८ इनिंग एकालाही बेसवर येऊ दिलं नव्हतं आणि मॅनेजर ओचिआइने नवव्या, शेवटच्या इनिंगला त्याला काढून इवासेला आणलं. ५३ वर्षांनी सिरीज जिंकले तरी सासरे अजून ओचिआइवर चिडतात.

तळ्यातमळ्यात:
दोनचं काय घेऊन बसलात, शून्य हिटवर पण जिंकलेत, अमेरिकेत. १५ मे २०२२, पायरेट्सनी रेड्सना १-० हरवलं. रेड्सच्या हंटर ग्रीनने ११८ पिच (बॉल) टाकले, हिट एकही दिला नाही, आठव्या इनिंगला दोन वॉक दिले, नंतरच्या पिचरने तिसरा दिला, बेस फुल, मग साधा ग्राउंडर (जमिनीवरून मारलेला बॉल) आणि डबल प्ले, म्हणजे एकाच बॉलवर दोन आउट, थोडक्यात हुकला, तीच धाव. बिचाऱ्या रेड्सची नो-हिटर (एकही हिट न दिलेली मॅच) म्हणून नोंदपण नाही, कारण घरची टीम पायरेट्स पुढे असल्याने नववी इनिंग टाकायलाच मिळाली नाही 😂

निशिकासाईकर:
अच्छा!! म्हणजे काल ती धाव आली तेव्हा पहिला माणूस नुसता उभा राहिला आणि बॅट टाकून चालत गेला, दुसऱ्याने बॉलला बॅट हळूच टेकवली, स्वतः आउट झाला आणि त्याचेच लोक टाळ्या वाजवत होते, मला वाटलं टोमणा मारतायत

नागोयाची_सून:
टोमणा नाही हो, तो ओकुरी बंट. स्वतः आउट होऊन पुढच्याला दुसऱ्या बेसवर पोचवायचं. मग वाइल्ड पिच आणि लांब फ्लाय झाली असणार?

निशिकासाईकर:
वाइल्ड पिच म्हणजे कीपरच्या मागे गेलेला ना? हो हो, तेव्हाच शेजारचे ओजीसान (काका) बिअर सांडून उठले होते