मदत हवी आहे: मालकाच्या बंगल्यासमोर बसता येतं का?

नमस्कार मंडळी,

कामगार कायद्यातलं कुणी जाणकार असेल तर सांगा, जरा घाईचं आहे. वडील नाशिकला एमआयडीसीतल्या कारखान्यात आहेत, युनियनच्या कमिटीवरही आहेत. चार महिन्यांचा पगार थकलाय. हप्त्याहप्त्याने देतो म्हणून मालकाने करारावर सही केली, पण पहिलाच हप्ता बुडवला. गेटवर बसून उपयोग नाही, साहेब तिकडे फिरकतच नाहीत. म्हणून सोमवारी त्यांच्या बंगल्यासमोर बसायचं ठरलं. घोषणाबाजी नाही, नुसता बॅनर.

तर काल कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. १९७१ चा एमआरटीयू-पल्प कायदा (महाराष्ट्राचा, युनियनची मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना बंदी यांचा), अनुसूची तीन, बाब ६: मालकाच्या किंवा व्यवस्थापनातल्या लोकांच्या घरासमोर निदर्शनं करणं ही युनियनची अनुचित कामगार प्रथा. मला वाटलं, उगाच दम देताहेत. कायदा उघडला तर खरंच आहे, घेराव आणि गो-स्लोच्या (मुद्दाम संथ काम करण्याच्या) लगेच खाली! शांततेत बसलं तर चालेल, अशी सवलतही तिथे दिसत नाही.

आई म्हणते, आम्ही बायका बसतो, आम्ही कुठे युनियनच्या मेंबर आहोत? हे चालेल का? आणि पोलिसांची गुन्हा होऊ नये म्हणून आधीच बजावायची १४९ ची नोटीस (जुन्या सीआरपीसीचं कलम, आता नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं म्हणजे बीएनएसएसचं कलम १६८) आली तर काय करायचं? कमिटीतले जुने लोक एसटीवाल्यांचं उदाहरण देऊन घाबरवताहेत. एप्रिल २०२२ मध्ये शरद पवारांच्या सिल्व्हर ओक बंगल्यावर मोर्चा गेला, दगड-चपला पडल्या आणि शंभरावर कर्मचारी आत गेले.

प्रतिसाद १
दगडफेक आणि बॅनर घेऊन बसणं यात फरक आहे, पण बायकांना पुढे करू नका. बसवलं कुणी, हे कोर्ट विचारतंच. नुसत्या तक्रारीने कुणी आत जात नाही. मात्र औद्योगिक न्यायालयाने याच १९७१ च्या कायद्याच्या कलम ३० खाली मनाई दिली आणि ती मोडली, तर कलम ४८ प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. पोलिसांचं वेगळं. शहरात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७(३) चा जमावबंदी आदेश चालू आहे का, ते आधी बघा. तो एका वेळी १५ दिवसांपर्यंतचा असतो.

तीन वाचलीत, आता अनुसूची चार वाचा. बाब ९, करार न पाळणं. ही मालकाची अनुचित प्रथा! हप्ता चुकल्यापासून ९० दिवसांच्या आत यूएलपी (अनुचित प्रथेची तक्रार) टाका, सोबत अंतरिम आदेशाचा अर्ज. नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता आली आहे, तेव्हा तक्रार कशाखाली टाकायची ते वकिलाकडून पक्कं करून घ्या. घरासमोरच्या निदर्शनांची बाब मात्र तिच्यातही आहे.

धागाकर्ता
आभारी आहे. कराराची प्रत युनियनच्या कपाटात आहे, किल्ली अध्यक्षांकडे. त्यांना आत्ताच फोन लावतो. बंगल्याऐवजी कामगार उपायुक्तांच्या कार्यालयासमोर बसलो तर ही बाब ६ लागणार नाही ना?