फेअर ट्रेडचा शिक्का आपल्या कापसाला लागला, तर भावात आपलं मत चालेल का?

काळीमाती, मानवत
मागच्या हंगामात काट्यावर ओलाव्याच्या नावाखाली क्विंटलमागे दोनशे रुपये कापले. मोजायचं यंत्र व्यापाऱ्याचं, आकडा वाचणाराही तोच. म्हणून फेअर ट्रेडचं, म्हणजे शेतकऱ्याला रास्त भाव देणाऱ्या मालावरच्या शिक्क्याचं, वाचायला लागलो. १९८८ मध्ये नेदरलँड्सला मॅक्स हॅवलार नावाचा शिक्का निघाला, पहिली कॉफी मेक्सिकोच्या डोंगरातल्या शेतकऱ्यांची. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कॉफी करारातले, कुठल्या देशाने किती कॉफी विकायची याचे, कोटे मोडले, भाव कोसळले, तेव्हा ठरलेल्या किमान भावाचं मोल कळलं. बाजार चढला तर बाजारभाव, पडला तर किमान भाव. वर प्रीमियम, म्हणजे जादा रक्कम, मिळतो तो शेतकऱ्यांच्या संस्थेला. तो विहिरीला लावायचा की शाळेला, हे सभासद मतदानाने ठरवतात. मला भावापेक्षा हे मतदान मोठं वाटतं.

सरकीपेंड, माजलगाव
दादा, आधी बियाण्याचं बोला. फेअर ट्रेडला जनुकबदल केलेलं बियाणं चालत नाही. आपल्याकडे बीटी सोडून दुसरं पाकीट मागा, दुकानदार तोंडाकडे बघत राहतो. आणि शिक्का मिळाला म्हणजे सगळा माल त्या भावाने गेला असं नसतं. खरेदीदार घेईल तेवढाच, बाकीचा पुन्हा आपल्याच आडतीवर. तपासणीची फी मात्र संस्थेच्या डोक्यावर. १९७२ ची राज्य सरकारची एकाधिकार कापूस खरेदी आठवा. हमीभावाचीच योजना होती, तोट्यात बुडाली. शिवाय मतदानाचं म्हणता, तर १९९७ ला जर्मनीत बॉनमध्ये फेअर ट्रेडची जी आंतरराष्ट्रीय संघटना झाली, तिच्यात उत्पादकांना निम्मी मतं २०१० नंतर मिळाली.

काळीमाती, मानवत
उशिरा का होईना, मिळाली ना? एकाधिकार खरेदीत भाव मुंबईत ठरायचा, शेतकऱ्याने फक्त गाडी लावायची. बियाण्याचं तुमचं खरं आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. देशी वाण लावणारे थोडे आहेत, सुरुवात त्यांच्यापासूनच होईल.

वेचणीवाली, जिंतूर
दोघंही भाऊ शेतमालकाचंच बोलताय. कापूस आम्ही वेचतो, किलोवर. दिवसभर वाकून बोटं फाटतात. सातबारा नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर, म्हणजे संस्थेत सभासदही तेच, प्रीमियमचं मतही त्यांचंच. माझ्याकडे जमीनच नाही, मग माझं मत कुठं मोजणार?

सरकीपेंड, माजलगाव
ताई, हे मी मांडायला हवं होतं.

काळीमाती, मानवत
ताई, आमच्या गटाची बैठक पोळ्यानंतर आहे. वेचणीचा दर आणि बायकांचं सभासदत्व हे दोन विषय मी पहिले ठेवतो. तुम्ही आणि तुमच्या टोळीतल्या बायका याल का?